चकाकणारा कोळसा

३ तारीख, सोमवार, सकाळी ७
नाही, मला कुणी शिकवलं नाही. गरजच नव्हती. कोळसा हातात घेतला की कळतो. एकतीस वर्षं या धुलाई कारखान्याचा बॉयलर पेटवतोय, काय झक मारतोय?
हल्ली कोळसा तीन खाणींतून येतो. म्हणून मॅनेजरचा हुकूम : आधी लॅब, मग भट्टी. लॅब म्हणजे माझीच सून. चमचाभर कोळसा वाळवते, जाळते, राख मोजते. दहा टनांचा ट्रक आणि न्याय चमच्यात! मॅनेजर वर म्हणतो, या महिन्यात एकदा जरी वाफ बंद पडली तर तुम्ही गेटवर. पडणारच नाही.

४, मंगळवार
पहिला ट्रक. काळाभोर, चकाकणारा. पास केला. ठराव : लॅबची चिठ्ठी वाचायची नाही.
संध्याकाळी आग मरगळली. हवाच दमट होती. सून म्हणाली, बाबा, ती चकाकी पाण्याची होती, शेकडा एकोणीस ओल आहे. आगीचा जोर आधी वाळवण्यातच जातो. म्हटलं, मग वाळवू दे. आगीला दुसरं काम काय आहे?

६, गुरुवार
दुसरा ट्रक. मातकट, भुसभुशीत. परत पाठवा म्हटलं. चिठ्ठीत म्हणे हा उत्तम पेटतो, पण यात गॅस फार, वरून हवा जास्त सोडा. हवेची झडप मी एकतीस वर्षांत हलवलेली नाही. तत्त्व आहे.
दुपारी चिमणीतून काळा लोट. गच्चीवर साठ चादरी वाळत होत्या. धुणाऱ्या बायका खाली येऊन विचारून गेल्या, आजोबा, पांढऱ्यावर छापकाम कधीपासून घेतलं? बाकीचं लिहिण्यासारखं नाही. वारा उलटा होता, माझा दोष नाही.

९, रविवार
जेवण झाल्यावर ही म्हणाली, सुनेनं मॅनेजरचे पाय धरलेत, बाबांना हा महिना तरी पुरा करू द्या म्हणून. साहजिक आहे. मी गेलो तर ती शिकणार कुणाकडून?

१०, सोमवार
तिसरा ट्रक. ढेकूळ उचललं तर काय वजन! वजन म्हणजे सत्त्व. जोडीदार फायरमन, ज्याला आम्ही मुका म्हणतो कारण तो गप्पच बसत नाही, म्हणाला, काका, वजन दगडाचं असतं. त्याला कोपऱ्यातला कचरा काढायला लावलं.
चिठ्ठी आली : राख चाळीस टक्के, आणि ती लवकर वितळते. थर पातळ ठेवा. चिठ्ठीनं चष्मा पुसला. थर नेहमीपेक्षा वीतभर जाड घातला. उद्या बघा म्हणावं.

११, मंगळवार
१०.२० : वाफेचा दाब सात.
११.०० : पाच. काटा म्हातारा झालाय.
११.४० : तीन. पहार घातली, ठण्णकन वाजून परत आली. जाळीवर राख वितळून खंगर झालाय. अख्खा रस्ता ओतल्यासारखा. खालून हवा जायलाच वाट नाही.
१२.१५ : शून्य. सगळी मशीनं थांबली. वर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.
मॅनेजर आला, बघितलं, गेला. सून आली. पदर खोचला आणि पहारेचं दुसरं टोक धरलं. चारपर्यंत आम्ही दोघं फोडत होतो. तिच्या हाताला फोड आलेत. बोलली असती तर बरं झालं असतं.

१२, बुधवार
गेटवर. खुर्ची बरी आहे. बॉयलर मुक्याकडे. तो चिठ्ठी मोठ्यानं वाचतो, इथपर्यंत ऐकू येतं.
माझं काम : ट्रक आला की वरून, मधून, तळातून थोडा थोडा कोळसा डब्यात भरायचा आणि लॅबमध्ये पोचवायचा. आज पोचवला. सुनेनं झाकण उघडलं, आणि विचारलं, बाबा, तुम्हाला कसा वाटतो?
उत्तर ओठावर आलं होतं. म्हटलं, जाळून बघ.
यापुढे कोळशावर मी काही लिहिणार नाही. विचारलंत तरी नाही.