आज औषध घेतलं का?

प्रिय धाकट्या,

तुझं ते मेसेजचं अ‍ॅप बाजारात आलं म्हणे. अभिनंदन. दवाखान्यातून विचारणा जाते, रोगी उत्तर देतो, आणि मध्ये डॉक्टरला मानही वर करावी लागत नाही. फार मोठी सोय केलीस.

सुट्टीला आला होतास तेव्हा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून समजावलं होतंस, की प्रत्येक मेसेजला पैसे पडतात, म्हणून आधी सगळं कॉम्प्युटरमध्येच खोटंखोटं पाठवून बघायचं. खरा फोन लागेल तेव्हा एकच, घरचा. घरचा म्हणजे आईचा. माझा नको म्हणालास, मी उलटसुलट उत्तरं देईन म्हणून. माणसं बरी ओळखतोस.

तू गेलास आणि रोज सकाळी आईला मेसेज यायला लागला: आज औषध घेतलं का? हो असल्यास १, नाही असल्यास २. आता आईला औषध कसलं? तिची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत. पण लेक एवढ्या लांबून विचारतो, त्याला नाही कसं कळवायचं, आणि खोटं तरी कसं कळवायचं? तिनं मला कोपऱ्यावरच्या दुकानातून ताकदीच्या गोळ्या आणायला लावल्या. गोळी गिळायची, चष्मा लावायचा, १ पाठवायचा. लगेच ‘धन्यवाद’ यायचं. मग दिवसभर मला ऐकवणं, “बघ, कितीही कामात असो, लगेच उत्तर देतो. नाहीतर तू.” म्हटलं, अगं ते यंत्र आहे. तर म्हणाली, “असेना. बसवलंय त्यानंच ना?” यावर तुझ्या कंपनीतही कुणाला उत्तर सुचणार नाही.

गेल्या महिन्यात ती बाथरूमच्या दारात पडली. फोन हाताशी होता. मी ऑफिसात, म्हणून तिनं लगेच उत्तर देणाऱ्यालाच कळवलं: पडले आहे, उठता येत नाही. उत्तर आलं: आपले उत्तर समजले नाही, कृपया १ किंवा २ पाठवा. तिनं बिचारीनं विचार करून २ पाठवला. धन्यवाद, औषध वेळेवर घ्या. संध्याकाळी मी कुलूप उघडलं तेव्हा ती तशीच फरशीवर होती.

हॉस्पिटलमधून तुला फोन केला. आई कशी आहे हे तू आधी विचारलंस, कबूल. पण दुसरं वाक्य काय, तर “म्हणजे ताई, भलतं उत्तर आलं तरी सिस्टिम अडकली नाही.” आणि तिचा नंबर काढून टाकलास. टेस्टिंग संपलंच होतं.

हे सगळं मी तुला फोनवरच ऐकवलं असतं, आणि चांगलं ऐकवलं असतं. पत्र लिहितेय ते आईनं लिहायला लावलं म्हणून. फोन नको म्हणाली, तो कामात असतो, पत्र सवडीनं वाचेल. पाय प्लास्टरमध्ये आहे. सकाळ झाली की फोन छातीवर ठेवून पडून राहते. तिला वाटतं, तिनं भलतंच काहीतरी लिहून पाठवलं, त्यानं तुझं काम बिघडलं, म्हणून तू विचारायचं सोडलंस. तुला कळवायला सांगितलंय, की पुन्हा सुरू कर, आता ती फक्त १ पाठवेल.

काही झालं तरी तुझीच,
ताई