साखर सांगणारी काळी पट्टी

झरी, ता. ५ मार्च १९९३

चि. कमल हिला आजी दगडाबाईचा जय भीम, आन् लांबूनच एक चापट. इकडं समदे खुशाल हाईत. तू खुशाल हाईस हे दोन वर्सं झाली कागदच सांगायलाय. (बन्सीधर पोस्टमन बी बरा हाय. तो तरी दारात येतो.)

लिहायचं कारण की, तुझं पाकीट पोचलं. पुण्यात एवढं काय करायलीस म्हणून इचारलं, तर तू बोटाएवढी काळी पट्टी धाडलीस. ह्या प्लॅस्टिकातून वीज जाती, वर रगताचा थेंब टाकला की साखर कळती, आन् आता त्यात केसाहून बारीक कोळशाच्या नळ्या मिसळायच्या म्हणतीस. (असल्या फुकणीनं कुणाची चूल पेटंल, बाई?) एवढं वाचून मी पत्र ठेवलं, कारण तुझं अक्षर मुंगीवाणी. बाभळीच्या काट्यानं बोट टोचलं, थेंब टाकला आन् वाट बघत बसले. पट्टी गप. वाटलं, म्हातारं रगत पातळ असंल, म्हणून गुळाचं पाणी टाकलं. तरी गप. मग वीज पायजे म्हणून रेडिओचे सेल काढून लावले. पट्टी गपच, आन् तवापासून रेडिओ बी गप हाय. तेवढ्यात शेजारची सरजाबाई डोकावली. "काय वो मावशी, नातीनं घड्याळाचा पट्टा धाडला का? मंग घड्याळ कुठाय?" म्हणलं, तुझ्या लेकानं काय धाडलं ते आधी दाव. गेली तणतणत. शेवटी तात्याराव मास्तरानं राहिलेलं पत्र वाचलं, तवा कळलं की पट्टी नुसती बघायला धाडलीया, आकडा सांगणारं यंत्र तुझ्यापाशीच हाय. म्हंजे जीभ झरीत आन् तोंड पुण्यात. असं कुठं कुणी बोलतं का?

तू काम टाकून येऊ नको. माझं काय बी अडलं न्हाई.

तुझी आजी,
दगडाबाई

ता. क. परभणीचा डाक्टर म्हणला, तुमच्या रगतात साखर हाय. तुझ्या बापाला सांगितलं न्हाई. डाक्टराला खोटं पाडावं म्हणून हा समदा खटाटोप.

आणखी एक. यंत्र घेऊन ये. जड असंल तर तिथंच ठेव, तू ये. डाक्टर चहातली साखर सोडा म्हणला. सोडली न्हाई. परक्या माणसाच्या सांगण्यानं कशी सोडू? तू समोर बसून रागाव, मग बघते.