माझा हौद आणि गुरुसिद्धप्पाचं पेव

बेंबळी, ३ मे १९७५
स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू: कडबा कापायचं यंत्र. सागवानी पाळणा, न करकरणारा. सायकलच्या चाकाचा रहाट. सपाटी बघायची काचनळीची पाणसळ, दुकानातल्यापेक्षा अचूक. आता हौद. जमिनीखाली, आठ बाय सहा, खोली सात फूट, वर फरशी. दर पावसाळ्यात गल्लीचं पाणी सोसायटीच्या गोदामात शिरतं, ज्वारी भिजते. यंदा ते माझ्या अंगणात गडप होईल. चेअरमन आण्णासाहेब म्हणाले, बघू. बघतीलच.

११ मे
समोरचा गुरुसिद्धप्पा दुष्काळापासून रिकामं पडलेलं पेव उघडतोय. गल्लीचं पाणी त्यात सोडणार म्हणे. आजोबानं ज्वारी पुरायला खणलेला खड्डा तो! कल्पना माझी. शुद्ध नक्कल.

२८ मे
प्लास्टर झालं, आरशागत. त्याच्या भिंती नुसत्या मुरमाच्या. पाणी मुरून जाईल. हसू आलं.
हौदाच्या तोंडाला शहाबादी उंबरा बसवला, चार बोटं उंच. बायको सुमन म्हणाली, हौदाला उंबरा कशाला? दार तिथं उंबरा, म्हटलं. हळदीकुंकू वाहायला लावलं.

१४ जून, दुपार
पाऊस. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, वळलं, समोर गेलं. पेवात धो धो. गोदाम कोरडं. गल्ली म्हणते, गुरुसिद्धप्पानं वाचवलं. पण पाणी वळवलं कुणी? माझ्या उंबऱ्यानं.

१५ जून
सुमन म्हणाली, "उंबरा काढा की. पाणी काय पाव्हणं हाय व्हय, दारात थांबून 'या' म्हणायची वाट बघायला?"
काढणार नाही. पाणसळीत बसलाय.

२ जुलै
सोसायटीनं गुरुसिद्धप्पाला फेटा बांधला. डावीकडं कललेला. त्याच्या विहिरीचं पाणी दोन हात चढलं म्हणतात. दोरी सोडून स्वतः मोजलं. दोन हात चार बोटं. लोकांना मापच कळत नाही.

९ नोव्हेंबर
आण्णासाहेब घरी आले. मनात म्हटलं, आले शेवटी. हौदात उतरले, भिंतीवरनं हात फिरवला. "तात्याराव, इतका पावसाळा झाला, ओल म्हणून न्हाय. असं काम जिल्ह्यात न्हाय." सुमनला दुसऱ्यांदा चहा टाकायला सांगितला.
मग म्हणाले, गुरुसिद्धप्पाची हायब्रीड यंदा लई पिकलीय, पेवात तर ओल. त्याची ज्वारी तुमच्या हौदात ठेवायची का? तो भाडं देतो म्हणतोय.
आधी नाही म्हणालो. मग वर्षाला दीडशे रुपये ठरले.