लग्न, मयत आणि सरकती कपाटे

हज करून आलेल्या आदरणीय हाग्गा नाझली आत्या यांस,

मी, वगदी शाकिर, वाणिज्य पदवीधर, आपला थोरला भाचा आणि मांडव-खुर्च्या भाड्याने देण्याच्या आपल्या व्यवसायातील निम्म्याचा भागीदार, हे पत्र केवळ गोदामातील नव्या मांडणीचा वृत्तान्त कळवण्यासाठी लिहीत आहे. आपण रागावून अलेक्झांड्रियास लेकीकडे गेलात, त्यास महिना होत आला. परत या, असे सुचवण्याचा माझा मुळीच हेतू नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

आपल्या गुडघ्यांना समुद्राची हवा मानवत असेल आणि लेकीच्या मुलुखियाच्या पालेभाजीत लसूण पुरेसा पडत असेल, अशी आशा आहे (पडत नसल्याचे जावईबापूंकडून समजले, तो विषय वेगळा).

मांडणी निवडताना मी घाई केली, हा आपला आरोप मला मान्य नाही. उंच लोखंडी रॅक मी पाहिले (वरची खुर्ची काढण्यास यांत्रिक उचलगाडी हवी, आणि आपल्या दारातून फार तर गाढवगाडी आत येते). एकामागे एक माल लावण्याचे रॅकही पाहिले (मागचे काढण्यास पुढचे सारे काढावे लागते, म्हणजे आपली जुनीच पद्धत, फक्त विकत घेतलेली). मग रुळांवर सरकणारी कपाटे पाहिली. ती एकमेकांना चिकटून उभी असतात. चाक फिरवले की हवी तेथे एक वाट उघडते आणि बाकीच्या मिटतात. जागा निम्मी लागते. विक्रेता 'अपव्यय' हा शब्द इतक्या पोटतिडकीने उच्चारी, की तो मला आपल्याच घरातला वाटू लागला. आपण मात्र म्हणालात, "अरे वगदी, एका वेळी एकच वाट? लग्न आणि मयत काय तुला विचारून रांगेत उभी राहणार?" मी आपल्याला न विचारता सही केली, आणि आपण पिशवी भरलीत.

गेल्या गुरुवारी खाटकांचे उस्ताद मुअल्लिम फरगली मुलीच्या लग्नाचे सामान नेण्यास आले. सोनेरी खुर्च्यांची वाट उघडून ते स्वतः आत शिरले असता, घड्याळे दुरुस्त करणारे शेजारचे शहाताचाचा वारल्याची बातमी घेऊन त्यांचा मुलगा रमझी दारात उभा राहिला. मयताच्या बैठकीचे सामान मिटलेल्या बाजूस. ते उघडायचे, तर मुअल्लिम दोन कपाटांच्या मध्ये.

अशा प्रसंगी माणसे भांडतील, हे मी हिशेबात धरले होते. ती भांडली नाहीत, आणि तेथेच घोटाळा झाला. मुअल्लिम बाहेर येऊन म्हणाले, "आधी मयत. माझ्या हाती आधी सामान आले, तर माझ्या बायकोला तलाक, ही शपथ." रमझी रडतच म्हणाला, "नाही चाचा, आधी नवरी. अब्बांना आता कसली घाई? वडिलांची शपथ, मी आधी हात लावणार नाही." दोन्ही शपथा पक्क्या. मुअल्लिमांच्या पत्नी दारातूनच ओरडल्या, "मला न विचारता मला पणाला लावतोस होय रे मेल्या?" त्या दोन शपथा सोडवू शकेल अशी व्यक्ती गल्लीत एकच, आणि ती अलेक्झांड्रियात लसणावरून वाद घालत होती.

अखेर मीच उघड्या वाटेतून सामान काढले आणि एकाच क्षणी दोघांच्या हाती निम्मे-निम्मे दिले. शोकाची मंडळी सोनेरी खुर्च्यांवर बसली, आणि कुराणपठण करणारे शेख वधूवरांच्या कोचावर, दोन प्लास्टिकच्या हंसांच्या मध्ये. लग्नात वाद्ये वाजली नाहीत. ती मुअल्लिमांनी आपणहून बंद ठेवली. तक्रार कोणाचीच आली नाही. म्हणजे मांडणी यशस्वी झाली, असेच म्हणावे लागेल.

आपला आज्ञाधारक भाचा,
वगदी शाकिर

ता. क. १ : मांडणी यशस्वी झालेली नाही.

ता. क. २ : त्या दिवशी येणारा-जाणारा प्रत्येकजण "हाग्गा असत्या तर" एवढेच म्हणत होता. मी माणूस आहे, भडकलो. चारचौघांत शपथ घेऊन बसलो, की आत्या परत येईपर्यंत या चाकाला हात लावणार नाही आणि लावू देणार नाही. लग्नाची वाट उघडी आहे. मयताचे सामान आत अडकले आहे. सकाळची गाडी सोयीची पडते. स्टेशनावर मी येईन. तोवर गल्लीतील सर्व वृद्धांना प्रकृती जपण्याची मी घरोघर जाऊन विनंती केली आहे. तीच आपणासही.

(सहीवाचून ता. क. ग्राह्य धरत नाहीत, म्हणून पुन्हा)
वगदी शाकिर
इंबाबा, कैरो
१४ ऑक्टोबर २०१२