मामांच्या नावावर माझं पोट

आदरणीय मामांना,

भाच्याचा उभ्यानेच नमस्कार. साष्टांग घालायचा तर पोटावर पडावं लागतं, आणि माझ्या पोटाला हल्ली कुणाचा धक्का लागलेला खपत नाही. मामींना आणि धाकटीला विचारल्याचं सांगा. तुमची तब्येत कशी आहे? विशेषतः पोट? (हे सहज विचारत नाहीये, पण ते पुढे.)

मी कॉलेज तत्त्वासाठी सोडलं, असं आईने तुम्हाला सांगितलं असेलच. सरांशी माझं वाजलं हे खरं. परीक्षेच्या वर्गातून तिसऱ्यांदा बाहेर सोडायला ते तयार नव्हते, मी पेपर त्यांच्या टेबलावर आपटला आणि चालता झालो. सगळ्यांना वाटलं, काय बाणेदार पोरगा! तत्त्व वगैरे काही नव्हतं हो मामा, मला फक्त संडास गाठायचा होता. नंतर परत जायची लाज वाटली. तेव्हापासून फोटोफ्रेमच्या दुकानात काचा कापतो. मालकांनी माझं टेबल आपणहून मागच्या दाराजवळ हलवलंय. देवमाणूस आहे. (गिऱ्हाइकासमोर "आज कितव्यांदा?" असं विचारतो, तेवढं सोडलं तर.)

शेवटी आईने डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. बाई म्हणाल्या, "आतडं धडधाकट आहे, फक्त चिडकं आहे." आई म्हणाली, "मग ते याचंच आहे, शंका नाही." बाईंनी कॅप्सूल लिहून दिल्या. प्रोबायोटिक म्हणतात, म्हणजे पोटात जिवंत, चांगले जंतू सोडायचे. काहींना गुण येतो, काहींना नाही. आठवड्याला एक डबी, अशा चार आठवडे घ्यायच्या, फरक पडला नाही तर बंद. शिवाय रोज किती दुखलं, कधी दुखलं, हे वहीत लिहायचं. मी भडकलो. जग जंतू मारायला डॉक्टरकडे जातं आणि ह्या बाई घालतायत! चिठ्ठी फाडणारच होतो, तेवढ्यात कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान दिसलं, आणि काउंटरमागे ती दिसली.

तिचं वर्णन करत नाही, तुम्ही ते मामींना मोठ्याने वाचून दाखवाल. एवढंच सांगतो की ती एका आजोबांना गोळ्यांच्या वेळा तिसऱ्यांदा समजावत होती, आणि तेही न चिडता. (आपल्या घराण्यात असा प्रकार कुणी पाहिलेला नाही.) माझी चिठ्ठी घेऊन तिने विचारलं, "कुणासाठी?" आता अशा मुलीला पहिल्याच भेटीत जुलाबाचं काय सांगायचं? तोंडातून निघून गेलं, "मामांसाठी."

तेव्हापासून तुम्ही आजारी आहात.

पहिली डबी तिच्या हातची, म्हणून मी ती तीन दिवस शर्टाच्या खिशात, काळजापाशी घेऊन हिंडलो. "फ्रीजमध्ये ठेवायची" असं ती दोनदा म्हणाली होती म्हणे, पण मी बघत होतो, ऐकत नव्हतो. उन्हाने सगळे जंतू हुतात्मा झाले. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि चार आठवडे पुन्हा पहिल्यापासून धरले. मी इतका खूश झालो की त्यांना संशय आला. तीन आठवड्यांनी वही मागून घेतली, चष्मा पुसून वाचली आणि म्हणाल्या, "तुम्हाला दर रविवारी जास्त दुखतं. रविवारी खाता काय?" काय सांगू? रविवारी औषधांचं दुकान बंद असतं.

आता खरंच बरं वाटतंय. जंतूंमुळे, वेळेवर जेवल्यामुळे की आणखी कशामुळे, हे बाईंनाही सांगता येत नाही. काल मालकांशी भांडायची उत्तम संधी होती, मी ती सोडली. पण मामा, इकडे आड तिकडे विहीर! गुण नाही आला तरी डब्या बंद, आला तरी बंद. आज शेवटची आणली. उद्यापासून त्या दुकानात मी कोणत्या तोंडाने जाऊ?

बाकी सुखात आहे. काळजी नसावी.

तुमचा एकुलता भाचा

ता. क. – आणखी डब्या मिळाव्यात म्हणून मी तिला सांगून बसलो की मामांना काडीचा गुण नाही. ती म्हणाली, "मग मामांनाच घेऊन या." तेव्हा शनिवारी या. दुकानात शिरताना पोट धरा. कण्हू मात्र नका, तुमचं फार होतं.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवणार, एवढ्यात आई (हे पत्र तिने चोरून वाचलंय) डबी फ्रीजमध्ये ठेवता ठेवता ओरडली, "अरे, माझा भाऊ बावीस वर्षांचा कधी झाला?" प्रत्येक डबीवर ती दुकानातली डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून हाताने नाव, वय, वेळ लिहून चिकटवते. मी पाच डब्या नुसतं अक्षर बघत बसलो, वाचलं एकदाही नाही. पाचही डब्यांवर माझंच नाव! आणि शेवटच्या डबीवर, खाली, बारीक अक्षरात: "बरे व्हा, पण घाई नको."

तर मामा, पोट धरायचं राहू द्या. या मात्र नक्की, मामींना घेऊन, आणि जरा चांगला शर्ट घालून.