घंटा वाजल्यास घाबरू नये

४ मे, गुरुवार

आजपासून मी कंपनीची प्रथमोपचार अधिकारी. कारण काय, तर माझं अक्षर चांगलं आहे.

वरून पत्र आलंय. कोल्ड स्टोरेजमधल्या प्रत्येक माणसाला हायपोथर्मियाचं प्रशिक्षण द्या, महिनाअखेर अहवाल पाठवा. साहेबांनी पत्र वाचलं, माझ्याकडे सरकवलं. "मॅडम, नाहीतरी सगळ्या नोंदी तुमच्याकडेच असतात. त्यात हीही एक." अकरा वर्षं टायपिंग आणि वह्या सांभाळल्या त्याचं फळ.

बाहेर चाळीस अंश. मोठ्या फ्रीजरमध्ये उणे वीस. मटार आणि मासे तेवढे सुखात आहेत.

५ मे, शुक्रवार

पत्रासोबत एक पुस्तिका आली होती. तिच्या पंचवीस प्रती हव्यात, झेरॉक्स मशीन बंद, म्हणून मी ती आख्खी टाइप केली. त्यामुळे आख्खी वाचली. या इमारतीत ती वाचलेली मी एकटीच असणार.

हायपोथर्मिया म्हणजे अंगातली उष्णता पस्तिसाच्या खाली उतरणं. मग शरीर हळूहळू कारभार आवरता घेतं. आधी थरथर. हातातून वस्तू निसटतात, बटण लागत नाही. बोलणं जड होतं. माणूस अडखळतो, चिडतो, भलतेच निर्णय घेतो आणि विचारलं तर म्हणतो, मला काही झालेलं नाही.

शेवटची तीन लक्षणं टाइप करताना मी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. पण तिथला एसी फक्त अठरावर असतो.

एक गोष्ट मात्र मनात बसली. थरथर थांबली की लोकांना वाटतं, बरं वाटायला लागलं. तेव्हाच खरं गंभीर असतं.

६ मे, शनिवार

सासूबाईंवर सराव केला. जमिनीवर सतरंजी, वर सासूबाई, त्यांच्यावर दोन ब्लँकेटं. मान आणि डोकंही झाकलं, पुस्तिकेत म्हटलंय तसं. पाच मिनिटं तशाच पडून होत्या. मग म्हणाल्या, "मे महिन्यात मला मारायचा हा प्रकार नवीन आहे." लेक हसून हसून लोळली.

सराव यशस्वी. पेशंट घामाघूम.

९ मे, मंगळवार

प्रशिक्षण झालं. प्रशिक्षक साहेबांच्या साडूंचे मित्र. आग विझवणं, तणाव घालवणं आणि दूरध्वनीवर कसं बोलावं, या तिन्हींचं शिक्षण ते एकाच फाईलवरून देतात. आज त्यात चौथं.

ते म्हणाले, "गारठलेला माणूस दिसला की हातपाय खसाखसा चोळायचे. टबात गरम पाण्यात बसवायचं. आणि दोन घोट ब्रँडी." ब्रँडीवर स्टोअरकीपरने पहिल्यांदाच वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मला राहवलं नाही. उभी राहिले. म्हटलं, पुस्तिकेत नेमकं उलट आहे. चोळायचं नाही, हातापायातलं थंड रक्त एकदम हृदयाकडे गेलं तर ते बंद पडू शकतं. गरम पाण्यातही बसवायचं नाही. दारूने तर उष्णता आणखी जाते. ऊब द्यायची ती छातीला, काखेत, मानेला. आणि माणसाला आडवं ठेवून, हलक्या हाताने.

प्रशिक्षक हसले. साहेब हसले नाहीत. "मॅडम, प्रशिक्षण तुम्ही देताय की हे?"

बसले. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. मलाही. ती मीच टाइप केली होती.

१० मे, बुधवार

उद्या प्रात्यक्षिक. वर पाठवायला फोटो हवेत. साहेबांनी परिपत्रक सांगितलं, मी टाइप करून पाच ठिकाणी लावलं: "उद्या फ्रीजरमधील धोक्याची घंटा सरावासाठी वाजवली जाईल. घंटा वाजल्यास घाबरू नये. आपले काम सोडून कोणीही धावपळ करू नये. हुकमावरून."

विचारलं, "सराव धावपळीचाच आहे ना, सर?" साहेबांनी कागदावर सही केली.

११ मे, गुरुवार

उशीर झालाय, पण आजच लिहायला हवं.

तीन वाजता साहेब फोटोग्राफरला घेऊन मोठ्या फ्रीजरमध्ये गेले. आधी अर्धा तास अंगणात ट्रकपुढे फोटो काढले होते, उन्हात, सूट घालून. शर्ट पाठीला चिकटला होता. मिस्त्री, म्हणजे आमचा दारं-कॉम्प्रेसर दुरुस्त करणारा, दारातच जाड जॅकेट धरून उभा होता. म्हणाला, "साहेब, हे घाला." साहेब म्हणाले, "फोटोत पोट दिसतं त्यात."

दोन मिनिटांत कॅमेऱ्याची बॅटरी थंडीने मेली. फोटोग्राफर दुसरी आणायला गेटबाहेरच्या गाडीकडे गेला. जाताना दार लोटलं, ते बंद झालं. परत येताना वॉचमनने अडवलं. आत यायला पास लागतो, पासावर साहेबांची सही लागते. "साहेब कुठेत?" "आत." "मग त्यांची सही आणा." "मला आत सोडलंत तर आणतो." यावर दोघे अर्धा तास चर्चा करत होते.

आणि घंटा वाजत होती. मी ऐकत होते. सगळेच ऐकत होतो. लांब, मग तुटक, मग पुन्हा लांब. परिपत्रक भिंतीवर होतं. कोणी घाबरलं नाही. हिशेबनीस म्हणाला, "साहेब फारच मनावर घेतात हं." मी हसले. हे लिहून ठेवते. मी हसले.

मग घंटा थांबली.

का कोण जाणे, ती वाजत होती तेव्हा काही वाटलं नाही, थांबली तेव्हा मी खुर्चीतून उठले. एवढ्यात वॉचमनचा फोन, पासावर सही हवी म्हणून. "फोटोग्राफर बाहेर आहे?" मी विचारलं. "मग आत कोण आहे?"

धावले. मिस्त्री माझ्याआधी पोचला होता, त्यानेही घंटा थांबलेली ऐकली होती. त्याने बाहेरून दार ओढलं.

साहेब मटारांच्या खोक्यांमध्ये उभे होते. कोट काढून, नीट घडी घालून खोक्यावर ठेवलेला. टायही. शर्टाची बटणं उघडायची खटपट चालली होती, बोटं ऐकत नव्हती. म्हणाले, "उ... उकडतंय." जीभ जड. थरथर नाही. अजिबात नाही.

मी म्हटलं, "सर, आपण बाहेर जायचं. पण तुम्ही चालायचं नाही, आम्ही नेतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, मॅडम."

अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिथे मला खात्री पटली, प्रकार गंभीर आहे.

मिस्त्री, फोर्कलिफ्टवाला आणि मी, तिघांनी ताडपत्रीवर आडवं करून उचललं, जपून, धक्का न लावता. ऑफिसात नेता येईना, तिथे एसी अठरावर आणि रिमोट साहेबांच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद. पॅकिंगच्या खोलीत नेलं, पंखे बंद केले. फोर्कलिफ्टवाल्याला ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगितलं. नुसतं "माणूस गारठलाय" नको, "हायपोथर्मिया, थरथर थांबलीय, बोलणं जड" असं सांग, म्हटलं. त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं.

प्रथमोपचार पेटी उघडली. एक कात्री, कापूस, आणि पेटी मिळाल्याबद्दल साहेबांचं अभिनंदन करणारं पत्र.

कात्री कामाला आली. ओले कपडे काढायला हवेत. हात वर ओढायचे नाहीत म्हणून शर्ट कापला. पँटही. हिशेबनीसाने भिंतीकडे तोंड केलं. मिस्त्रीने यंत्रं गुंडाळायच्या गोधड्या आणल्या, कोरड्या. दोन खाली, तीन वर. डोकं झाकलं. चहावाल्या मावशींनी चार बाटल्यांत कोमट पाणी भरून दिलं, त्या फडक्यात गुंडाळून काखेत आणि छातीशी लावल्या.

तोवर बातमी पसरली होती. साहेबांचे पाय चोळायला तिघे धावले. खरंच धावले. एवढी भक्ती मी देवळाबाहेर पाहिली नव्हती. मी मध्ये आडवी आले. "कोणी हात लावायचा नाही!" हिशेबनीस दुखावला. "प्रशिक्षणात सांगितलं होतं." स्टोअरकीपर ब्रँडी घेऊन आला. ऑफिसात ब्रँडी आहे हे आजच कळलं, इतक्या झटपट सापडली की कुठे ठेवलेली असते हे विचारायचं राहिलं. तीही परत पाठवली.

मग फक्त बसायचं. हेच सर्वांत अवघड. मी श्वास मोजत होते. फार सावकाश. मध्ये एकदा इतका वेळ गेला की मी मिस्त्रीचा हात घट्ट धरला. तो म्हणाला, "चालूय, ताई. गोधडी हलतेय बघा." साहेबांशी बोलत राहिले. बायकोचं नाव विचारलं, चुकीचं सांगितलं. पंधरा-वीस मिनिटांनी पाय थरथरले. मग सगळं अंग, दात वाजायला लागले. हिशेबनीस ओरडला, "बिघडलं!" मी म्हटलं, नाही, सुधारतंय. आणि रडले. त्या माणसासाठी मी रडेन असं कोणी सांगितलं असतं तर पैज लावली असती.

शुद्ध नीट आल्यावर, स्वतः कप धरता आला तेव्हा, गोड चहा. घोट घोट. बायकोचं नावही बरोबर आलं.

ॲम्ब्युलन्सवाल्या डॉक्टरणीने सगळं तपासलं. "कोणी चोळलं नाही ना? छान. कोणी केलं हे?"

पाय चोळायला धावलेले तिघे एकदम म्हणाले, "आम्ही."

दाराच्या आतल्या बाजूला एक मूठ असते. आत अडकलेल्याने ती ढकलली की दार उघडतं. तिच्यावर बोटभर बर्फ होता. साहेबांच्या तळव्याची साल तिला चिकटून राहिली होती.

१२ मे, शुक्रवार

साहेब सुखरूप. सासूबाईंनी विचारलं, "हसतेस काय नि रडतेस काय?" सांगितलं. मुठीचं सांगितलं नाही.

१५ मे, सोमवार

साहेब कामावर. तळव्याला पट्टी, बाकी पूर्ववत. "मॅडम" म्हणताना तोच सूर. मला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर.

अहवाल सांगितला, मी टाइप केला: "प्रात्यक्षिक यशस्वी. स्वतः व्यवस्थापकांनी जिवाची पर्वा न करता रुग्णाची भूमिका वठवली. कर्मचाऱ्यांनी घंटेनंतर अनुकरणीय शांतता राखली."

त्यानंतर आणखी एक पत्र: लेखी परवानगीविना वरिष्ठांचे कपडे कापल्याबद्दल खुलासा द्यावा. "कोणाच्या नावे, सर?" साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमच्या." स्वतःच्या नावे टाइप केलं, सही घेतली, स्वतःच स्वीकारलं, पोच दिली. शुद्धलेखनाची एक चूक नाही.

१६ मे, मंगळवार

हॉस्पिटलने कळवलं होतं, त्यामुळे सुरक्षा इन्स्पेक्टरबाई आल्या. शांत बाई. परिपत्रक वाचलं, साहेबांकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. साहेबांनी घाम पुसला, एसी अठरावर असून. मग बाईंनी विचारलं, आतली मूठ कोण बघतं? साहेब लगेच म्हणाले, मिस्त्री.

मिस्त्रीने मान खाली घातली. माझ्याकडेही पाहिलं नाही.

डोकं दुखतंय. बाकी उद्या.

१७ मे, बुधवार

काही लिहिण्यासारखं नाही. मिस्त्रीला घरी बसवलं, चौकशी होईपर्यंत. जाताना त्या पाच गोधड्या घडी करून पॅकिंगच्या खोलीत ठेवून गेला.

१८ मे, गुरुवार

फ्रीजरच्या तपासणीची वही इन्स्पेक्टरबाईंच्या टेबलावर मीच नेऊन ठेवली. ते काम माझं: दर सोमवारी आत जायचं, दार लावून घ्यायचं, मूठ ढकलून बघायची, अडली तर मिस्त्रीला सांगायचं. एकतीस सोमवार, "मूठ ठीक", सुंदर अक्षर. मिस्त्रीला कधी सांगितलंच नाही, कारण कधी बघितलंच नाही.

बाईंनी विचारलं, "आत का गेला नाहीत?"

म्हटलं, "थंडी वाजायची."