लोंबत्या फुलांची संध्याकाळ

तीर्थरूप आई,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी खुशाल आहे. मध्यंतरी ताप आला होता, पण साधाच. फक्त तो गेल्यापासून नाकाला कशाचा वासच येईना. खानावळीत मसाला अंदाजानेच घालत होतो. मालक म्हणाले, "आचारी, हात बिघडला का तुझा?" मी हसून वेळ मारून नेली. तू काळजी करू नकोस.

खोलीमागे घरमालकीणबाईंनी एक फांदी खोचली होती. ती चांगली फोफावली. पानं बघून मला धोतराच वाटला, म्हणून उपटायला गेलो, तर बाई ओरडल्या, "अरे थांब! धोतऱ्याचं फूल वर बघतं, याचं खाली लोंबतं. विषारी दोन्ही, हात धू आधी. आणि रोज भरपूर पाणी घाल त्याला."

घालत राहिलो. काल सुट्टी होती. तिन्हीसांजेला कळ्या हळूहळू उलगडल्या, वीतभर लांब, दुधासारख्या. मी पायरीवर नुसता बघत बसलो. अंधार दाटला आणि कुठूनसा गोडसर वास आला. वाटलं, भास असेल.

"बाई, वास येतोय का हो?"

"येणारच की! अख्ख्या गल्लीला येतोय."

मला रडूच फुटलं. बिचाऱ्या घाबरल्या.

तुझे गुडघे कसे आहेत? धाकटी वेळेवर जेवते ना?

काल मग आत येऊन तू दिलेली शाल पेटीतून काढली. इतके दिवस धीर होत नव्हता. अजून तुझाच वास आहे गं तिला.

तुझा लेक